गन्स अँड रोझेसचा 'ग्रेटेस्ट हिट्स' घेतला तर पुरेल का?

तुम्ही विचारलंय की 'नोव्हेंबर रेन' आणि 'स्वीट चाइल्ड ओ' माइन' एवढी दोनच गाणी माहीत आहेत, तर गन्स अँड रोझेस या अमेरिकन रॉक बँडचा २००४ सालचा 'ग्रेटेस्ट हिट्स' घेतला तर पुरेल का, की सगळे अल्बम ऐकावे लागतील.

घ्या. पण अकराव्या गाण्यानंतर बंद करा.

हे इतकं तोडून का सांगतोय ते कळायला थोडं मागं जावं लागेल. रत्नागिरीत रामआळीच्या एका बोळात आमचं कॅसेटचं दुकान होतं. दुकान अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. भजनं, नाट्यसंगीत, गणपतीच्या आधी चाकरमानी मागायचे त्या जाखडीच्या कॅसेट, आणि बाहेर पाटी: 'आवडीची गाणी भरून मिळतील'. गिऱ्हाईक चिठ्ठीवर गाणी लिहून द्यायचं, आम्ही साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर ती भरून द्यायचो. दोन डेक होते, पण अण्णा दुप्पट वेगानं कधी भरायचे नाहीत, त्यात वरचे सूर बसतात म्हणून. नव्वद मिनिटांची कॅसेट भरायला नव्वद मिनिटं. दर चार कॅसेटींनंतर हेड कापूस आणि स्पिरिटनं पुसायचं. पावसाळ्यात टेपला बुरशी धरायची, त्यामुळे कोऱ्या कॅसेट तांदळाच्या रिकाम्या डब्यात, वर साठ वॅटचा दिवा लावून ठेवलेल्या असत.

अण्णांची एक लांबट वही होती. प्रत्येक गाण्याची मिनिटं-सेकंदं त्यात लिहिलेली. चिठ्ठी आली की ते आधी बेरीज मांडायचे, मग कुठलं गाणं कुठल्या बाजूला बसतं ते ठरवायचे. त्यांचा नियम एकच: टेप कोरी सोडायची नाही. गिऱ्हाईकानं नव्वद मिनिटांचे पैसे दिलेत, त्याला नव्वद मिनिटं मिळाली पाहिजेत. कंपनी थोडी टेप जास्त देते, पण तिच्यावर विसंबून गाणं भरायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं.

१९९३ चा पावसाळा. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, दुपारी दुकान माझ्याकडे. केबलवर एमटीव्ही दिसायला लागला होता आणि कॉलेजातली पोरं इंग्रजी गाणी मागत होती. बोटीवर असलेल्या एका गिऱ्हाइकानं मला गन्स अँड रोझेसच्या चार मूळ कॅसेट वापरायला दिल्या होत्या: 'अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन', 'लाइज' आणि 'यूज युअर इल्यूजन'चे दोन्ही भाग. मी त्या इतक्या ऐकल्या होत्या की वहीत सेकंदं लिहिताना घड्याळाकडे बघावं लागत नव्हतं.

तेव्हा एक पोरगा चिठ्ठी घेऊन आला. अकरा गाणी होती. 'वेलकम टू द जंगल', 'स्वीट चाइल्ड', 'पेशन्स', 'पॅरडाइज सिटी', 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर', 'सिव्हिल वॉर', 'यू कुड बी माइन', 'डोन्ट क्राय', 'नोव्हेंबर रेन', 'लिव्ह अँड लेट डाय', 'येस्टरडेज'. खाली लिहिलं होतं, 'उरलेल्या जागेत काहीही'. आता तुमच्या त्या अल्बमची मागची बाजू वाचा. पहिली अकरा गाणी हीच आहेत. अमेरिकेतल्या कंपनीनं अकरा वर्षांनी जे निवडलं, ते रत्नागिरीतल्या एका पोरानं पावसात भिजलेल्या वहीच्या पानावर आधीच लिहून आणलं होतं. म्हणून मी म्हणतो की तिथपर्यंतची निवड चुकीची नाही. ती लोकांचीच निवड आहे.

मी मात्र ती जशीच्या तशी भरली नाही. मी ठरवलं, पहिल्या बाजूला १९८७-८८ चा बँड आणि दुसऱ्या बाजूला १९९१ चा. ही दोन वेगळी माणसं आहेत असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं. 'अ‍ॅपेटाइट'मध्ये पाच उपाशी पोरं एका खोलीत वाजवतायत. 'इल्यूजन'मध्ये पियानो आहे, मोठमोठी वाद्यरचना आहे, आणि स्टेडियम भरवणारा बँड आहे. ती एकमेकांशेजारी ठेवली की दोघांचंही नुकसान होतं. पहिल्या बाजूला पोराच्या चार गाण्यांत मी माझी तीन घातली: 'मिस्टर ब्राउनस्टोन', 'नाइटरेन' आणि शेवटी 'रॉकेट क्वीन'. दुसऱ्या बाजूला त्याची पाच आणि शेवटी माझं 'एस्ट्रेंज्ड'. ते एकटं सव्वानऊ मिनिटांच्या वर जातं. ते घातल्यावर दुसऱ्या बाजूला अडीच मिनिटं उरली आणि 'लिव्ह अँड लेट डाय' तीन मिनिटांचं. बसत नव्हतं. 'येस्टरडेज' त्याहून मोठं. पहिल्या बाजूला सात मिनिटं मोकळी होती, दोन्ही सहज बसली असती. पण ती १९९१ ची गाणी, आणि 'रॉकेट क्वीन'नंतर काहीही येता कामा नये हे माझं ठाम मत. मी ती दोन गाणी गाळली आणि सात मिनिटं कोरी सोडली.

'रॉकेट क्वीन' भरताना एक प्रकार घडला. त्या गाण्याच्या मधल्या भागात एका बाईचे कण्हण्याचे आवाज आहेत, स्टुडिओत खरेखुरे रेकॉर्ड केलेले. मला माहीत होतं, पण दुकानाचा स्पीकर चालू होता हे मी विसरलो. समोर एक आजी अभंगांची कॅसेट बदलून घ्यायला आलेल्या आणि नेमके अण्णा जेवून परत आलेले. अण्णांनी काही न बोलता आवाजाचं बटण शून्यावर नेलं. भरणं चालू राहिलं, कारण त्या बटणाचा भरण्याशी संबंध नसतो. त्यांना हे माहीत होतं. चिडले असते तर त्यांनी डेक बंद केला असता, आणि मग ती बाजू पहिल्यापासून भरावी लागली असती. तेवढं नुकसान त्यांनी होऊ दिलं नाही. आजींना त्यांनी त्यांची कॅसेट लावून दाखवली, पैसे घेतले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

दोन दिवसांनी पोरगा परत आला. हातात कॅसेट आणि तीच चिठ्ठी. "माझी दोन गाणी नाहीत, आणि एका बाजूला शेवटी नुसतं खरखर चाललंय." त्या वेळी गल्ल्यावर अण्णा होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, आतल्या कार्डावरची माझ्या अक्षरातली यादी वाचली, वही काढून बेरीज केली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सात मिनिटं कोरी आहेत. याची दोन गाणी साडेसहा मिनिटांत बसतात. का भरली नाहीस?"

मी सांगायला लागलो. १९८७, १९९१, 'रॉकेट क्वीन'चा शेवट, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "कॅसेट त्याची आहे. तुझी गाणी तुझ्या कॅसेटवर भर."

कॅसेटवर चुकून पुन्हा भरलं जाऊ नये म्हणून तिची टॅब मी तोडलेली होती. त्यांनी तिथे चिकटपट्टी लावली, कॅसेट डेकमध्ये घातली, आणि भरायचं कुठून ते सापडावं म्हणून हेडफोन लावून 'रॉकेट क्वीन'चा शेवट ऐकत बसले. ते गाणं शेवटी पूर्ण वळतं. आधीचा सगळा माज उतरतो आणि गाणारा माणूस समोरच्या बाईला आधार द्यायला लागतो. चाल उघडते, गिटार सरळ आणि मोठी होते. इंग्रजी अण्णांना फारसं समजायचं नाही, पण चाल कधी उघडते हे ते कुठल्याही भाषेत ओळखायचे. हेडफोन काढून ते म्हणाले, "शेवट चांगला आहे याचा." आणि दोन बटणं एकदम दाबून त्याच्यामागे 'लिव्ह अँड लेट डाय' भरायला घेतलं.

त्यांनी मला झापलं असतं तर चाललं असतं. शेवट चांगला आहे हे कळूनही त्यांनी त्याच्यामागे दुसरं गाणं लावलं, हे मला आठवडाभर पचलं नाही.

पुढचं ऐका. तीनेक आठवड्यांनी तोच पोरगा आला आणि म्हणाला, "इल्यूजनचा दुसरा भाग सगळा भरून द्या." बस, एवढंच. पैसे ठेवले आणि गेला. मी अण्णांना म्हटलं, बघा, 'एस्ट्रेंज्ड'मुळे मागतोय, ते दुसऱ्या भागातलं आहे. अण्णांनी चारही मूळ कॅसेटींची कार्डं काढून चष्म्यातून वाचली आणि म्हणाले, "येस्टरडेजही दुसऱ्या भागातलंच आहे." त्यांचं बरोबर होतं. त्या पोराला विचारायचं दोघांनाही सुचलं नाही, आणि कॅसेट न्यायला तो आला तेव्हा दुकानात माझा धाकटा भाऊ होता. हा वाद आमच्यात पुढची कित्येक वर्षं चालला. जेवताना निघायचा. २००४ मध्ये हा 'ग्रेटेस्ट हिट्स' आला तोवर दुकान बंद झालं होतं. मी मुंबईहून सीडी घेऊन घरी गेलो तेव्हा अण्णांनी यादी वाचून फक्त एवढंच विचारलं, "तुझं ते लांबलचक गाणं नाही?"

नाही. आणि हाच माझा या अल्बमवरचा मुख्य आक्षेप आहे.

यादीत चौदा गाणी आहेत. त्यांतली पाच दुसऱ्यांची. 'नॉकिन' बॉब डिलनचं, 'लिव्ह अँड लेट डाय' पॉल मॅकार्टनी आणि विंग्जचं, 'एन्ट इट फन' डेड बॉइजचं, 'सिन्स आय डोन्ट हॅव यू' स्कायलाइनर्सचं, आणि 'सिंपथी फॉर द डेव्हिल' रोलिंग स्टोन्सचं. शेवटच्या पाच गाण्यांत चार उसनी. आणि जगभर तीन कोटींच्या आसपास खपलेल्या 'अ‍ॅपेटाइट'मधली किती? तीन. बारापैकी तीन. ज्या बँडनं 'नाइटरेन', 'ब्राउनस्टोन', 'इट्स सो ईझी' लिहिलं, त्याच्या निवडक गाण्यांत दुसऱ्यांची गाणी जास्त आणि पहिल्या अल्बमची कमी, हे मला कुणीही समजावून सांगितलं तरी पटणार नाही.

त्यातही शेवटचं गाणं बघा. 'सिंपथी' १९९४ मध्ये एका सिनेमासाठी केलं. त्यात गायक अ‍ॅक्सलनं गिटारवादक स्लॅशच्या गिटारीच्या जोडीला दुसऱ्याच माणसाची गिटार घालून घेतली, स्लॅश दुखावला, आणि दोन वर्षांत तो बँडमधून बाहेर पडला. बँड मोडताना जे वाजवलं गेलं, त्यावर कुणी निवडक गाण्यांचा शेवट करतं का?

कारण सरळ आहे. हा अल्बम बँडनं निवडलाच नाही. बँडचा पुढचा अल्बम 'चायनीज डेमोक्रसी' वर्षानुवर्षं लांबत होता, शेवटी तो २००८ च्या नोव्हेंबरात आला, आणि कंपनीला तोवर विकायला काहीतरी हवं होतं. अ‍ॅक्सल, स्लॅश आणि बेस वाजवणारा डफ तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते, तरी तिघांनी मिळून कंपनीवर दावा लावला की आम्हाला न विचारता ही यादी केली आहे, ती थांबवा. कोर्टानं थांबवली नाही. मार्च २००४ मध्ये अल्बम आला, बँडनं त्याच्यासाठी काहीही केलं नाही, आणि तो ब्रिटनमध्ये पहिल्या आणि अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेला. बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत त्यानं तेव्हापासून ५०० हून जास्त आठवडे काढलेत. अण्णांचं म्हणणं जगानं उचलून धरलं हे मला मान्य आहे. लोकांना चिठ्ठीवरची गाणी हवी असतात.

मान्य असूनही सांगतो: गाणी निवडून देणाऱ्यानं गिऱ्हाइकानं न मागितलेलं एक तरी गाणं द्यावं. तेही आपल्या जिवाचं. त्या एका गाण्यासाठी माणूस पुढे जातो. या अल्बममध्ये न मागितलेली तीन गाणी आहेत, बारावं, तेरावं आणि चौदावं, पण ती कुणाच्या जिवाची वाटत नाहीत. जागा होती म्हणून भरली आहेत. सगळा अल्बम सुमारे ७९ मिनिटांचा आहे आणि सीडीवर ८० च्या आसपासच मावतात. टेप कोरी सोडायची नाही, हा नियम तिथेही कुणीतरी पाळलाय.

आता माझी बेरीज बघा. 'एन्ट इट फन' पाच मिनिटांच्या थोडं वर, 'सिन्स आय डोन्ट हॅव यू' सव्वाचारच्या थोडं वर. ही दोन काढली की जवळजवळ साडेनऊ मिनिटं मोकळी होतात. 'एस्ट्रेंज्ड' तेवढ्यात जेमतेम बसतं. 'डोन्ट क्राय', 'नोव्हेंबर रेन' आणि 'एस्ट्रेंज्ड' या तिघांचे व्हिडिओ एकमेकांना जोडलेले आहेत. तिघांतली दोन घ्यायची आणि तिसरं टाकायचं, तेही जागा असताना, हे करणाऱ्यानं ती गाणी ऐकली तरी होती का, असा मला प्रश्न पडतो.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. सगळे अल्बम ऐकायची गरज नाही. 'ग्रेटेस्ट हिट्स'ची पहिली अकरा ऐका. मग 'अ‍ॅपेटाइट' पूर्ण ऐका, मध्ये न थांबता, क्रम न बदलता. त्याच्या एलपीवर, म्हणजे मोठ्या तबकडीवर, बाजूंना ए आणि बी म्हटलेलंच नाही, जी आणि आर म्हटलंय, गन्स आणि रोझेस. पहिल्या बाजूला रस्ता, नशा आणि शहर, दुसऱ्या बाजूला बहुतेक बायका आणि प्रेम. पहिली 'पॅरडाइज सिटी'वर संपते, दुसरी 'रॉकेट क्वीन'वर. १९८७ मध्ये त्यांनी स्वतः लावलेला क्रम आहे तो, आणि माझ्या मते हार्ड रॉकमध्ये इतका नेटका क्रम क्वचितच सापडतो. ॲपवर गाणी उलटसुलट वाजतात, ते बंद करायला विसरू नका.

आणि ज्यांना 'हिट्स' ऐकणारे खालच्या दर्जाचे वाटतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. मे २०२५ मध्ये मी महालक्ष्मी रेसकोर्सवर होतो. २०१२ ला बँड मुंबईत आला तेव्हा अ‍ॅक्सल होता पण स्लॅश आणि डफ नव्हते, या वेळी तिघंही होते. 'स्वीट चाइल्ड'ची गिटार सुरू झाली आणि माझ्या आजूबाजूचा एकही माणूस गप्प राहिला नाही. त्यांतल्या किती जणांकडे मूळ अल्बम असतील? ते गाणं त्यांचं तेवढंच होतं जेवढं माझं. तिथे मला अण्णांची फार आठवण आली. त्यांना जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. 'अ‍ॅपेटाइट'मध्ये शिवीगाळ भरपूर आहे, घरात लहान मुलं असतील तर हेडफोन लावा. 'रॉकेट क्वीन'बद्दल वर सांगितलंच आहे. 'लाइज'मधली सगळीच गाणी आज ऐकवत नाहीत, एका गाण्यात काळ्या लोकांबद्दल आणि परदेशातून आलेल्यांबद्दल जे म्हटलंय ते तेव्हाही वाईटच होतं. 'पेशन्स' घ्या आणि पुढे चला. 'ग्रेटेस्ट हिट्स'ची एलपी घेणार असाल तर २०२० ची आवृत्ती बघा, दोन तबकड्यांची, तीत 'शॅडो ऑफ युअर लव्ह' हे 'अ‍ॅपेटाइट'च्या काळातलं गाणं जास्तीचं आहे आणि ते चांगलं आहे. 'सिन्स आय डोन्ट हॅव यू' गाणं म्हणून वाईट नाही, फक्त इथे त्याची जागा नव्हती. आणि कंपनीनं बँडला विचारलं नाही म्हणून मी एवढा बोललो, तर हेही लिहितो की आम्हीही कुणाला विचारत नव्हतो. तशी कॅसेट भरून विकणं कायद्यानं गुन्हाच होता. अण्णांना ते आयुष्याच्या शेवटी बोचायचं.

अल्बम ऐकून झाला की 'येस्टरडेज' आणि 'एस्ट्रेंज्ड' ही दोन गाणी लागोपाठ लावा. पहिलं सव्वातीन मिनिटांचं, दुसरं साडेनऊच्या जवळ. त्यानंतर 'इल्यूजन'चा दुसरा भाग पूर्ण ऐकावासा वाटला, तर दोघांपैकी कशामुळे वाटला ते मला नक्की कळवा.